पूर्व गट म्हणजे फुगा?

१२ जानेवारी २०२५, रविवार

पाच! पाच गोल!

आणि कुणाकडून? पश्चिम गटात चौथ्या आलेल्या संघाकडून. आम्ही पूर्व गटात पहिल्या. दहा मॅचमध्ये एकच गोल खाल्लेला, तोही पेनल्टीवर. आणि आज पन्नास मिनिटांत पाच. आमचा एक झाला तो अगदी शेवटी. तेव्हा त्यांची गोलकीपर खाली बसून बुटाची नाडी बांधत होती.

काल आणि आज मिळून चार मॅच, बारामतीच्या मैदानावर. चारही पूर्व विरुद्ध पश्चिम. चारही आम्ही हरलो. इंदापूर ०–३, डाळज ०–२, भिगवण १–२. आणि माझ्या वरकुट्याच्या मुली १–५. उपांत्य फेरीत इंदापूर तालुक्याची एक मुलगी नाही. एकही!

गेली दोन वर्षं दोन्ही गटांच्या ट्रॉफ्या वेगवेगळ्या असायच्या. यंदा पहिल्यांदा समोरासमोर. आणि सगळे धरूनच चाललेले की खरं फुटबॉल पूर्वेला आहे. पश्चिम म्हणजे गाळणी, पाच मारायचे आणि चार खायचे! कोण म्हणायचं असं? मीच. उद्घाटनाला माइकवर म्हणाले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

येताना भाड्याची क्रूझर. निकिता मागच्या बाकावर हातमोजे न काढता बसलेली. मी तिच्याशी बोलले नाही. काय बोलणार? भिगवणच्या पुढं एकीनं उसाचा रस पिऊया का विचारलं. मी असं बघितलं तिच्याकडं, की बिचारी खिडकीकडं तोंड करून बसली.

डोकं ठणकतंय.

१३ जानेवारी

सकाळी लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी फुग्याचं चित्र टाकलं. बाजूला टाचणी. खाली ‘पूर्व गट’. चाळीस जणांनी हसून घेतलं. त्यातले सात आमच्याच तालुक्यातले. नावं लिहून ठेवलीत मी.

मग आबांचा फोन. हिंदुराव आबा, लीगचे अध्यक्ष. माणूस इंदापूरचा, ऊस इंदापूरचा, जन्म इंदापुरात गेला! आणि म्हणतात काय, “मॅडम, आपला गट नुसता फुगा निघाला की वं!”

“आबा, एका दिवसाच्या खेळावरनं ठरवणार तुम्ही?”

“एक दिस न्हाय, दोन दिस. आन् चार मॅच. एक हारली आसती तर मी म्हनलो आसतो नशीब. चार कशा हारतील?”

म्हणे पुढच्या वर्षी बाद फेरीत पूर्वेला चार जागा कशापायी द्यायच्या? दोन बास झाल्या. सहा पश्चिमेला. तिघांची समिती नेमलीय. आबा, मी आणि बारामतीचा ऋषिराज. तोच, ज्याच्या संघानं आम्हाला पाच घातले! समितीनं ठरवायचं, पूर्व गट खरोखर तगडा होता की उगाच फुगवलेला. अहवाल फेब्रुवारीत.

जागा गेल्या तर डाळज आणि भिगवणच्या मुली डिसेंबरातच घरी. मग पुढच्या वर्षी त्यांचे आईबाप पाठवतील त्यांना मैदानावर? “त्ये फुटबॉल बंद झालं न्हवं?” म्हणतील आणि विषय संपेल.

मी अहवालात असा पुरावा देणार आहे की आबांचं तोंड बंद होईल.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड बोलणं जमलं नाही.

१५ जानेवारी

आज जे झालं त्याच्यापुढं फुगा काहीच नाही.

पुण्याहून राजलक्ष्मी मॅडमचा फोन. जिल्ह्याच्या शिबिरासाठी मुली निवडतात त्या. डिसेंबरात त्यांनीच सांगितलं होतं, दहा मॅचमध्ये एक गोल खाणारी गोलकीपर आम्हाला हवीच. निकिताचं नाव यादीत घातलं होतं. आज म्हणाल्या, “विनयाताई, नाव तूर्त बाजूला ठेवलंय.”

“का?”

“रेकॉर्ड चांगला आहे हो. पण रेकॉर्ड कुणाविरुद्धचा, तेही बघावं लागतं ना? तुमच्या गटाचं जे काही झालं ते ऐकलं मी.”

ऐकलं! बघितलं नाही, ऐकलं!

सोळा वर्षांची पोर. आई डाळिंबाच्या पॅकिंगला जाते, बाप ट्रकवर. सकाळी सहाला मैदानावर, मग कॉलेज, मग पुन्हा मैदान. तीन वर्षांत तिनं एक सराव चुकवलेला नाही. आणि तिचं नाव खोडायला यांना एक फोन पुरला. गट वाईट ठरला म्हणून मुलगी वाईट ठरली. वा!

निकिताला कसं सांगू? अजून सांगितलं नाही.

१६ जानेवारी

सांगितलं. “बरं मॅडम,” म्हणाली आणि चेंडूंची जाळी उचलून निघाली. रडली असती तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी

गवत! हेच कारण आहे. मला आधी कसं सुचलं नाही?

पूर्व गटातल्या सहाच्या सहा संघांची मैदानं मुरमाची. बारामतीला हिरवळ. मुरमावर चेंडू टप्पा पडला की घसरत पुढं पळतो, हिरवळीवर थबकतो. आमच्या बचावातल्या मुली चेंडूच्या पुढं पुढं धावत होत्या, चेंडू मागं राहत होता. पहिला गोल तसाच झाला, मी डोळ्यांनी बघितला. आमच्या मुलींच्या पायात कॅनव्हासचे बूट, दव पडलेलं, दोघी तर घसरून पडल्या.

हे अहवालात येणार. मोठ्या अक्षरात.

प्रयागबाईंना फोन केला. डाळजच्या संघाच्या त्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोज शिट्टी गळ्यात. त्या आधीच तापलेल्या. म्हणाल्या, “विनया, तू लिही गं सगळं. एक जागा सोडायची न्हाय. माझ्या पोरी हाताखालनं गेल्यात, मला म्हाईत हाय त्या काय हायेत.”

बरं वाटलं. आपल्यासारखं चिडलेलं आणखी कुणी आहे!

२० जानेवारी

पुरावा गोळा करायला बसले. चिंतामण आमच्या प्रत्येक मॅचचा व्हिडिओ काढतो. पाटबंधारे खात्यातली नोकरी आणि रविवारी बायकोचं फुटबॉल, एवढंच त्याचं जग. दहाच्या दहा मॅच लॅपटॉपवर आहेत. ठरवलं, निकितावर किती फटके आले आणि तिनं किती अडवले ते मोजायचं. आकडा बघून राजलक्ष्मी मॅडम गप्प होतील.

चार संध्याकाळी लागतील वाटलं होतं. पुढं पळवत पळवत दोन तासांत झालं. कारण मोजायला फार काही नव्हतंच. दहा मॅच मिळून गोलावर आलेले फटके — तेवीस. त्यातले निम्मे असे की माझ्या सासूबाईंनीही अडवले असते.

चिंतामण मागं उभा राहून बघत होता. चहाचा कप हातात. अगदी शांतपणे म्हणाला, “तुमच्या गटात गोलावर मारतंच कोण?”

मी लॅपटॉप बंद केला.

“मी नुसतं विचारलं,” म्हणाला.

नुसतं विचारलं! तीन वर्षं कॅमेऱ्यामागं उभा राहिला आणि आज विचारतो!

२१ जानेवारी

अबोला.

२२ जानेवारी

आजही. आमटीत मीठ कमी आहे हे त्यानं खुणेनं सांगितलं. मी खुणेनंच बरणी दाखवली.

२४ जानेवारी

आज गटातल्या सगळ्या मॅचचे निकाल काढून बसले. चिंतामणला खोटं पाडायचं होतं. इंदापूर–डाळज ०–०. भिगवण–इंदापूर ०–०. डाळज–वरकुटे ०–१. इंदापूर–वरकुटे ०–०. पुढचंही सगळं असंच. तीन गोलांची मॅच सबंध मोसमात एक.

याला आम्ही काय म्हणत होतो? भक्कम बचाव. पूर्वेची भिंत. त्या लोकल चॅनेलवाल्याला मी स्वतः सांगितलं होतं, आमच्याकडं गोल करणं सोपं नाही.

सोपं नव्हतं की कुणाला येत नव्हतं?

नाही. नाही! हे असले विचार हरलेल्या माणसाच्या डोक्यात येतात. गवत हेच कारण. गवत आणि दव.

तिरीमिरीत ऋषिराजला फोन लावला. अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात कोर्स करून आलाय, बोलतो एकदम साखरेसारखं. त्याचा त्याहून जास्त राग येतो. म्हटलं, “एक मैत्रीपूर्ण मॅच खेळा आमच्याशी. तुमच्या त्या हिरवळीवर नाही. वरकुट्याला या. मुरमावर. दुपारी, दव वाळल्यावर. मग बघू कोण तगडं.”

“येतो की मॅडम. मुलींना आवडेल.”

आवडेल! मी भांडायला बोलावतेय आणि याच्या मुलींना आवडेल!

२६ जानेवारी

झेंडावंदनाला आबा भेटले. जिलबी हातात देत म्हणाले, “राग सोडा मॅडम, खेळात हार-जीत चालायचीच.” मी जिलबी कागदासकट परत दिली.

२८ जानेवारी

सराव जोरात. मुलींना सांगितलं, रविवारी नाक कापलं गेलं तर परत मैदानावर येऊ नका. तोंडातून गेल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. पण बोलले ते बोलले.

२ फेब्रुवारी, रविवार

हरलो. ०–३.

आमच्या मैदानावर. आमच्या मुरमावर. दव नाही, घसरणं नाही, ऊन आमच्या पाठीला. पंच इंदापूरचा. गावातली दीडशे माणसं आमच्या बाजूनं ओरडायला. सगळं आम्हाला हवं तसं. आणि तरी तीन.

मॅच सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच मला दिसलं. दिसायचं नव्हतं, पण दिसलं. त्यांची ती श्रेया, बारकी, दोन वेण्या घालून खेळते, बारामतीला तिनंच तीन मारले होते. तिला चेंडू मिळाला की ती आधी गोलाकडं बघते. आमच्या मुलींना चेंडू मिळाला की त्या आधी माझ्याकडं बघतात. मी काय शिकवलं त्यांना? चेंडू बाहेर घालवा. धोका नको. मागं या. तीन वर्षं मी बाजूच्या रेषेवरून हेच ओरडत आले. आणि आमच्या गटातले समोरचेही त्यांच्या मुलींना हेच ओरडत होते. दोन्हीकडच्या मुली धोका पत्करत नव्हत्या, मग गोल होणार कसा!

त्या मुली कुठूनही मारत होत्या. कोपऱ्यातून, अर्ध्या मैदानातून, पडता पडता. बाहेर गेला तरी हसत परत येत होत्या. ऋषिराज ओरडत नव्हता. नुसता टाळ्या वाजवत होता.

मी मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या गोलनंतर आमच्या मधल्या दोघींची तोंडं बघवेनात.  हिंदुराव आबा पुढच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

मॅच संपली. मी पाण्याच्या टाकीकडं गेले तर तिथं निकिता. दोन्ही कोपरं सोललेली, गुडघ्याला मुरूम चिकटलेला, नळाखाली हात धरून उभी. आणि चक्क हसत होती! श्रेया बाजूला. दोघी काहीतरी बोलत होत्या, हातानं दाखवत होत्या, चेंडू असा आला, मी अशी गेले.

माझं टाळकं सटकलं.

“हरून हसतेस?”

श्रेया पटकन बाजूला झाली. निकितानं नळ बंद केला. म्हणाली, “मॅडम, आज लई मजा आली.”

“मजा? तीन गोल गेले निकिता!”

“व्हय. पर किती आले वं! मला वाटलं आता संपलं, की परत येतंय. त्या श्रेयाचा तो वरचा, मी नुसती बोटं लावली मॅडम, तरी गेला न्हाय आत. तुमी बघितला का?”

मी बघितला नव्हता. मी तेव्हा कुणावर तरी ओरडत असेन.

“बघितला,” म्हटलं.

तिला कळलं असणार.  वाकून बूट सोडायला लागली.

ऋषिराज जाताना भेटला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला पळून जावंसं वाटत असणार, पण थांबला. “मॅडम, गोलकीपरला कुणी शिकवलंय?”

“मीच. का?”

“आमच्या गटात अशी एकही नाही,” म्हणाला. “असती तर आम्ही चौथे आलो नसतो.”

साखर. पण यावेळी राग यायला वेळ लागला.

३ फेब्रुवारी

शाळेतून आल्या आल्या लॅपटॉप उघडला. कालची मॅच लावली. यावेळी फक्त निकिताकडं बघत बसले. सातजणींच्या मॅचमधल्या बाकी तेराजणींकडं बघायचंच नाही म्हटलं.

गोलावर फटके वीस. आत तीन. अडवले सतरा.

बोटं लावलेला तो वरचा फटका बघितला. चार वेळा मागं नेऊन बघितला. वर उडाली तेव्हा तिचे दोन्ही पाय जमिनीपासून गुडघाभर वर होते. आणि मी त्या क्षणी कोपऱ्यात दिसते, पाठ तिच्याकडं, हात हलवत पंचाशी भांडताना.

मग धीर करून बारामतीची मॅच लावली. पाच गोलांची. आजवर उघडलीच नव्हती ती फाईल. पहिला गोल खरंच गवतामुळं. दुसरा, तिसरा कुठल्याही गोलकीपरवर झाला असता. पण मधल्या मधल्या वेळात? एक अडवला. दोन अडवले. सलग तीन अडवले, पडून, उठून, परत पडून. पाच आत गेले त्या मॅचमध्ये तिनं अठरा अडवले होते. अठरा! दहा मॅचमध्ये मिळून तेवीस फटके आले, आणि त्या एका सकाळी तेवीसच.

मी तिथंच उभी होते. मला पाचच दिसले.

आणि वर येताना क्रूझरमध्ये तिच्याशी बोलले नाही.

चिंतामणला हाक मारली. तो आला, चष्मा लावून बघत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “ही पोरगी चांगली आहे हे आपल्याला आत्ता कळतंय. कारण आत्ता कुणीतरी मारतंय तिच्यावर.”

अबोला संपवला. पर्याय नव्हता, बरोबर बोलत होता.

४ फेब्रुवारी

म्हणजे काय झालं? गट फुगाच होता. आणि पोरगी खरी. दोन्ही खरं. आणि पहिलं कबूल केल्याशिवाय दुसरं कुणाला पटवता येत नाही!

पूर्व गट तगडा होता असं मी लिहिलं, तर राजलक्ष्मी मॅडम म्हणणार, तगडा होता ना, मग एक गोलचा रेकॉर्ड बारामतीत कुठं गेला? आणि गट कमकुवत होता असं लिहिलं, तर ते अठरा आणि सतरा सोन्याचे ठरतात, पण डाळज आणि भिगवणच्या जागा जातात. माझ्याच सहीनं.

हे असलं कुणी ठरवलं? कसला वैताग आहे हा!

९ फेब्रुवारी

दोन्ही मॅचमधले निकितानं अडवलेले पस्तीस फटके चिंतामणनं कापून एकत्र जोडले. आत गेलेले आठही ठेवायला सांगितले. तो म्हणाला, गोल कशाला दाखवायचे? म्हटलं, राहू देत. पुण्याला पाठवलं.

सोबत चार ओळी लिहिल्या. त्यातली तिसरी लिहायला अर्धा तास लागला — ‘आमच्या गटात तिची परीक्षाच झाली नव्हती.’

१६ फेब्रुवारी, रविवार

समितीची बैठक. आबांच्या घरी, इंदापुरात. पोहे, चहा, भिंतीवर साखर कारखान्याचं कॅलेंडर. ऋषिराज वही घेऊन आलेला. आबांना वाटलं होतं मी भांडायला येणार. त्यांनी आधीच सुरुवात केली, “मॅडम, तुमी आता गवताचं सांगनार—”

“नाही सांगणार,” म्हटलं. “आमच्या गवत नसलेल्या मैदानावरही हरलो आम्ही. तुम्ही होतात की. शेंगा खात.”

मग वाचून दाखवलं.  पूर्व गट तगडा नव्हता. सहा संघ एकमेकांना ओळखून होते, एवढंच. कोण कुठं पास देणार ते सगळ्यांना पाठ. मारणारं कुणी नाही म्हणून अडवणारे थोर. जी चूक झाली ती मुलींची नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी हरायचं नाही एवढंच शिकवलं, आणि त्यात सर्वांत पुढं मी.

 आबांनी बशीतली मिरची बाजूला काढली. “मंग ठरलं म्हना की. दोन आन् सहा.”

“नाही आबा. जागा कापून काय होणार? गटच मोडा. पूर्व-पश्चिम एकत्र करा. डाळजनं बारामतीशी ऑक्टोबरातच खेळावं, जानेवारीत नाही. दर रविवारी पाच गोल खाऊ देत. वर्षभरात शिकतील.”

ऋषिराज लगेच म्हणाला, “मला मान्य आहे.” मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं वहीत लिहिलंही.

“आन् गाड्या?” आबा म्हणाले. “दर रईवारी डाळजच्या पोरी बारामतीला, माळेगावच्या पोरी वरकुट्याला? कोन पाठवनार? आईबाप पाठवतील? तुमी पुस्तकातलं बोलताय मॅडम. गट हायेत तसं ऱ्हातील. जागा दोन आन् सहा.”

म्हणजे माझा अहवाल अर्धा घेतला. जो अर्धा आमच्या विरुद्ध होता तेवढा!

तरी सही केली. लिहिलेलं खोटं नव्हतं म्हणून केली. पण आबांच्या दारातून बाहेर पडताना चप्पल इतक्या जोरात घातली की अंगठा दुखतोय.

१७ फेब्रुवारी

प्रयागबाईंचा फोन. सकाळी साडेसहाला.

“विनया, खरं सांग. सही तुझी हाय?”

“हो बाई.”

“तूच लिवलंस, आपल्या पोरींना खेळता येत न्हाय म्हनून?”

“बाई, तसं नाही लिहिलं. मी म्हटलं की आपण—”

“माझ्या पोरी तिसऱ्या आल्या व्हत्या. तिसऱ्या! पुढच्या साली तिसरी येऊन त्या काय करतील? डिसेंबरात घरी बसतील. तू तुझ्या एका पोरीपायी माझ्या दहा पोरी इकल्यास.”

फोन ठेवला त्यांनी.

दिवसभर मनात उत्तरं दिली त्यांना. एकाहून एक चोख. मला माहीत आहे, त्यातलं एकही त्यांना पटणार नाही. मलाही सगळी पटत नाहीत. मी एका मुलीपायी केलं का? केलं. पण फक्त तिच्यापायी? तो हिशेब मला लावता येत नाही आणि कुणी लावलेला चालणारही नाही!

ग्रुपवर आता मला फुग्याचं चित्र नाही, जागा कापणाऱ्या कात्रीचं येतं.

२० फेब्रुवारी

सरावात नियम बदलला. चेंडू मिळाला की तीन पावलांच्या आत गोलावर मारायचाच. बाहेर गेला तरी चालेल. माझ्याकडं बघायचं नाही. जी बघेल तिनं मैदानाला फेरी मारायची.

पहिल्या दिवशी अकराजणींनी फेऱ्या मारल्या.

२८ फेब्रुवारी

पुण्याहून यादी आली. निकिता राखीव. राजलक्ष्मी मॅडमनी खाली लिहिलंय, ‘व्हिडिओ पाहिला. मुलीत दम आहे. पण अशा आणखी पन्नास मॅच खेळायला हव्यात.’

राखीव! पस्तीस फटके अडवून राखीव! चिंतामण म्हणतो, आधी तर नावच खोडलं होतं, आता निदान आहे. असेल. मला आज समजूत नकोय.

निकिताला यादी दाखवली. तिनं खालची ओळ दोनदा वाचली. “पन्नास मॅच,” म्हणाली, “हितं किती वर्सं लागतील मॅडम?”

मी म्हटलं, बघू.

९ मार्च

प्रयागबाई बाजारात दिसल्या. मी हात केला. त्या मेथी निवडत राहिल्या.

२३ मार्च, रविवार

निकिता घरी आली. आई बरोबर. सारजाबाईंनी पॅकिंगची सुट्टी टाकलेली, इस्त्रीचं लुगडं. पाणी दिलं, तरी दोघी उभ्याच. मग निकितानं पिशवीतून कागद काढला. ना-हरकत पत्र. ऋषिराजच्या संघाचं नाव आधीच टाईप केलेलं.

“मॅडम, तुमी रागवाल,” म्हणाली. “पर हितं मला कुनी गोलच मारत न्हाय.”

सही केली.

त्या गेल्यावर ऋषिराजला फोन लावला. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं — डावीकडं, अगदी खाली. तिथं ती उशिरा पडते. श्रेयाला सांगा, रोज तिथंच मारत जा.